शांतीची वचने आणि तलवारीचे वचन यांचा अभ्यास कसा घ्यावा

सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये घरोघरी होणाऱ्या बायबल अभ्यासात एक प्रश्न हमखास निघतो : योहान १४:२७ मध्ये शिष्यांना आपली शांती देणारा येशू मत्तय १०:३४ मध्ये मी शांती नव्हे, तर तलवार आणण्यास आलो आहे, असे कसे म्हणतो? अभ्यास घेणाऱ्याने ‘ही तलवार केवळ आध्यात्मिक आहे’ अशी सारवासारव करून पुढे जाऊ नये. विचारणाऱ्याचे त्याने समाधान होत नाही.

सुरुवात योहान १६:३३ पासून करावी. माझ्या ठायी तुम्हाला शांती मिळेल आणि जगात तुम्हाला क्लेश होतील, या दोन्ही गोष्टी येशू त्या एकाच वचनात सांगतो. रोमकरांस ५:१-३ मध्ये प्रेषित पौलही देवाबरोबरची शांती आणि संकटांविषयीचा अभिमान लागोपाठ मांडतो. मग प्रत्येक उताऱ्याला एकच प्रश्न विचारावा : येथे कोणाची कोणाशी शांती अभिप्रेत आहे?

मत्तयाचा दहावा अध्याय मात्र पूर्ण वाचल्याशिवाय सोडू नये. येशू आपल्या बारा शिष्यांना कामगिरीवर पाठवत आहे, सोळाव्या वचनात तो त्यांना लांडग्यांमध्ये पाठवलेल्या मेंढरांसारखे म्हणतो, आणि तलवारीच्या वाक्यानंतर लगेच मीखा ७:६ मधील मुलगा-बाप, सून-सासू यांच्यातल्या वैराचे शब्द येतात. लूक १२:५१ मध्ये याच ठिकाणी तलवारीऐवजी फूट आहे. म्हणजे ही तलवार शिष्यांच्या हातात दिलेली नाही, ती त्यांच्या घरांवर पडणार आहे. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष तलवार उपसली गेली, तेव्हा येशूने ती म्यानात घालायला लावली (मत्तय २६:५२). बाप्तिस्मा घेतल्यावर ज्याच्याशी भावकीने बोलणे टाकले, असा कोणी बैठकीत असल्यास, आणि त्याची तयारी असल्यास, पुढचे विवेचन त्यालाच करू द्यावे. भांडण ओढवून घेण्याची परवानगी म्हणून हा उतारा कोणी वापरू लागला, तर रोमकरांस १२:१८ वाचावे : तुमच्याकडून होईल तितके सर्वांबरोबर शांतीने राहा.

खरे अवघड वचन लूक २२:३६ आहे, जेथे येशू वस्त्र विकून तलवार घ्यायला सांगतो. काही भाष्यकार ते येणाऱ्या संकटाचे लाक्षणिक वर्णन मानतात, तर काही लगेच पुढे आलेल्या, तो अपराध्यांत गणला गेला, या यशया ५३:१२ च्या पूर्ततेशी त्याचा संबंध जोडतात. मला दुसरे अधिक पटते, परंतु बैठकीत दोन्ही मते ठेवावीत आणि एकमताचा आग्रह धरू नये.

सर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलामुळे आजाऱ्याच्या खाटेजवळ वचन वाचणे या भागाला नवे नाही. तेथे हा वाद काढू नये. फिलिप्पैकरांस ४:७ वाचावे, आणि ते पत्र पौलाने कैदेत असताना लिहिले (१:१३), हेही सांगावे; शांतीचे आश्वासन देताना त्याने बेड्या सुटतील असे आश्वासन दिलेले नाही. विश्वास कमी पडला म्हणून दुखणे आले, असे सुचवणाऱ्या नातेवाइकाला बाहेर नेऊन ईयोब ४२:७ दाखवावे, कारण ईयोबाच्या दुःखाचे कारण ठामपणे सांगणाऱ्या मित्रांवर तेथे देव रागावलेला आहे.