डेथ व्हॅलीत दिवसभराची चाल: निघण्याआधीची तयारी

यादीत पहिली ओळ तारखेची. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कच्या तळात चालायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च. तळातल्या फर्नेस क्रीक या वस्तीत डिसेंबर-जानेवारीत दुपारचं सरासरी तापमान 18-19 अंश सेल्सिअस असतं, रात्री ते 4 अंशांच्या आसपास उतरतं. मार्चमध्ये दुपार 28 वर जाते, एप्रिलमध्ये 33 आणि जुलैत 47. जगातलं सर्वाधिक तापमान म्हणून अजूनही अधिकृत असलेला 56.7 अंशांचा आकडा इथेच, 10 जुलै 1913 रोजी नोंदला गेला. उन्हाळ्यात खालच्या भागात सकाळी दहानंतर चालू नका, असं पार्कवाले बजावतात. ते शब्दशः घ्यायचं, कारण त्यानंतर काही झालं तर मदतही सहज येत नाही. हवा फार तापली की विरळ होते आणि हेलिकॉप्टरला उचल मिळत नाही. जुलै 2024 मध्ये मेस्कीट फ्लॅटच्या वाळूत चप्पल हरवलेल्या एका बेल्जियन पर्यटकाचे तळवे भाजले, तेव्हा हेलिकॉप्टर खाली उतरूच शकलं नाही. त्याला आधी रुग्णवाहिकेतून उंचावर न्यावं लागलं.

मुलांकडे अमेरिकेत येणारे आईवडील बरेचदा नेमके मे ते ऑगस्टमध्येच येतात. त्यांना घेऊन जायचं असेल तर चालणं यादीतून खोडा आणि पहाटे डँटेज व्ह्यू, झब्रिस्की पॉइंट ही उंचावरून दरी बघायची ठिकाणं गाडीनेच करा. ज्यांना चालायचंच आहे त्यांनी उंची गाठावी. दरीच्या तळातलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली आहे, तर टेलिस्कोप पीक हे शिखर 3,368 मीटरवर, आणि दर हजार फुटांना दोन-अडीच अंश कमी होत जातात. टेलिस्कोपची वाट जाऊन-येऊन 14 मैल, म्हणजे साडेबावीस किलोमीटर, आणि चढ सुमारे 900 मीटर. वाइल्डरोज पीक त्यापेक्षा आटोपशीर: 8.4 मैल, साडेतेरा किलोमीटर. हिवाळ्यात मात्र या दोन्ही वाटांवर बर्फ असतं. क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे बर्फाचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुदळ) वापरता येत नसेल तर तेव्हा तिकडे फिरकू नका.

मग वाट निवडायची. पहिल्यांदा येणाऱ्याला गोल्डन कॅन्यनमधून रेड कॅथेड्रलपर्यंत जाऊन-येऊन तीन मैल, म्हणजे पाच किलोमीटर, पुरेसे आहेत. पाय चांगले असतील तर तिथूनच गावर गल्चकडे वळून साडेचार मैलांचा फेरा पूर्ण होतो. मोझेक कॅन्यन जाऊन-येऊन चार मैल. झब्रिस्की पॉइंटवरून खाली उतरणारा बॅडलँड्सचा (झिजलेल्या उघड्या टेकड्यांचा) फेरा 2.7 मैलांचाच आहे, पण त्याला कमी लेखू नका. गडावर आधी चढ आणि परतताना उतार असतो, दमलेल्या पायांना तो सोयीचा. इथे उलटं आहे. उतरताना पाणी अर्धं संपतं, आणि ऊन डोक्यावर असताना चढायचं राहतं. अंतरावरून वेळ काढताना सह्याद्रीतला वेग धरू नका. घळीचा तळ सगळा सुटी खडी असतो, पाऊल टाकलं की मागे सरकतं. मळलेल्या वाटेवर तासाला चार किलोमीटर चालणारा माणूस इथे अडीचवर येतो. मोझेकमध्ये वेगळीच गंमत आहे. पाण्याने घासून संगमरवर इतका गुळगुळीत झालाय की कोरड्या बुटालाही पकड मिळत नाही. एखादा कातळटप्पा चढण्याआधी तो उतरता येईल का ते बघा. चढताना हात वर लागतात आणि डोळ्यांना दिसतात, उतरताना पाय कुठे टाकायचा तेच दिसत नाही.

आता पाणी. गडावर जाताना दोन लिटर घ्यायचं आणि वर टाक्यात बाटली भरून घ्यायची, ही सवय इथे घातक आहे. वर सांगितलेल्या एकाही वाटेवर पिण्याच्या पाण्याचा थेंब मिळत नाही. जे लागेल ते पाठीवरून. थंडीतल्या चालीला तासाला अर्धा लिटर धरा, मार्चच्या दुपारी किंवा चढावर एक लिटर, आणि आलेल्या बेरजेत माणशी एक लिटर राखीव. म्हणजे जानेवारीत तीन तासांच्या गोल्डन कॅन्यनला अडीच लिटर, मार्चमध्ये चार. दिवसभराचं माणशी किमान चार लिटर हे पार्कचंही माप आहे. चार लिटर म्हणजे चार किलो, तेव्हा सॅकमधून बाकीचं काय काढायचं ते यावरून ठरवा. लहान मुलांचं पाणी मोठ्यांनी उचलायचं असतं, हे हिशोबात हमखास राहून जातं.

तहानेवर भरवसा का ठेवायचा नाही, तेही समजून घ्या. कोकणातल्या किंवा घाटातल्या दमट हवेत घाम निथळतो, शर्ट पिळून काढावा लागतो, त्यामुळे शरीरातून पाणी जातंय हे कळतं. इथे हवा इतकी कोरडी की घाम कातडीवर येताच उडून जातो. अंग कोरडं, शर्ट कोरडा, आणि ‘मला घामच येत नाही’ असं वाटत राहतं. खूण दिसते ती उशिरा: पाठीवर, बंदांच्या कडेने मिठाचे पांढरे पट्टे. म्हणून दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, तहान असो वा नसो. लघवी गडद पिवळी झाली किंवा तीन-चार तास लागलीच नाही, तर तुम्ही मागे पडला आहात.

नुसतं पाणी ढोसत राहणंही चुकीचं. घामाबरोबर मीठ जातं, आणि ते न भरता पाणीच पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. हे सगळं उन्हाच्या त्रासासारखंच दिसतं आणि सोबती त्याला आणखी पाणी पाजतात. इलेक्ट्रालची पाकिटं असतील तर एक मोठं पाकीट एका लिटरमध्ये पूर्ण घालायचं, निम्मं नाही. नसेल तर घरचं माप: एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, चवीला लिंबू. दर तिसरी बाटली अशी असू द्या. खायला खारे दाणे, चिक्की, चिवडा, दशमी-चटणी. चॉकलेट वितळतं आणि कोरड्या तोंडात गोड नकोसं होतं, खारट मात्र जातं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

पाणी ठेवायचं कशात, हाही प्रश्न आहे. नळीच्या पिशवीतून पिणं सोपं, पण उरलंय किती ते दिसत नाही, आणि सॅक टेकवून ठेवली की तोटी दाबली जाऊन पाणी वाळूत जातं. त्यामुळे निम्मं पिशवीत, निम्मं कडक बाटल्यांत. दुकानातले एक गॅलनचे पातळ प्लास्टिकचे कॅन स्वस्त असतात, पण खडीच्या रस्त्यावर डिकीत घासून त्यांना टाचणीएवढं भोक पडतं आणि मुक्कामी पोचेपर्यंत गालिचा ओला, कॅन रिकामा. ते खोक्यात दाबून बसवा, मध्ये टॉवेल घाला. चालीसाठी नेलेल्या पाण्याशिवाय माणशी आठ लिटर गाडीत हवंच. बाटल्या फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरला भरून मिळतात. तिथेच कागदी नकाशाही घ्या. प्रवेश शुल्कासाठी कार्ड लागेल, रोख घेत नाहीत.

कपडे सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. सुती कपडा ट्रेकवाल्यांनी बदनाम केलाय, पण कोरड्या उन्हात ओला सुती कपडा अंग गार ठेवतो. एक पंचा बरोबर ठेवा. पाणी मारून मानेभोवती टाकला तर अर्धा तास आराम मिळतो. टोपीला चारही बाजूंनी काठ हवा, क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी ठेवते. संध्याकाळसाठी उबदार जॅकेट. डँटेज व्ह्यूला तळापेक्षा 8 ते 14 अंश कमी असतात, वर वारा, आणि कुडकुडणारे लोक बहुतेक खालून टी-शर्टवर आलेले असतात. बूट बंद, जाड तळव्याचे, वापरून रुळलेले. वाळूत जाणार असाल तर मोज्यांचा दुसरा जोड, कारण बुटात गेलेली वाळू तासाभरात फोड आणते. नखं आदल्या रात्री कापा. एक कंगवा आणि चिमटा ठेवा: काटेरी निवडुंगाचा तुकडा चिकटला तर हाताने ओढू नका, कंगव्याने उडवा. जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका, म्हणजे विंचू-सापांचा प्रश्न बराचसा मिटतो. जुन्या खाणींच्या तोंडाशी फोटो काढा, आत शिरू नका.

मेस्कीट फ्लॅटवर वाट नावाची गोष्टच नाही. पार्किंगपासून सर्वात उंच टेकडी, साधारण शंभर फुटांची, मैलभरावर आहे. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात उतरलं की गाड्या दिसेनाशा होतात आणि वारा पावलं पुसतो. निघतानाच मागे वळून पार्किंगच्या मागचा डोंगर ओळखून ठेवा. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, सूर्यास्त बघून परत यायचं तर प्रत्येकाकडे हेडलॅम्प. मोबाइलची बॅटरी त्या कामाला लावू नका.

मोबाइल हे फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्स या दोन वस्त्या सोडल्या तर नुसतं घड्याळ आणि कॅमेरा आहे. नकाशे आधी उतरवून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, आणि उन्हात दगडावर ठेवू नका, तापून बंद पडतो. गाडीतल्या नकाशाने ‘जवळचा रस्ता’ म्हणून एखादी कच्ची खाणवाट दाखवली तर वळू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा ती सोय असलेला फोन असेल तर उत्तम, पण अरुंद घळीत त्यालाही आकाश दिसत नाही.

हवामान त्याच सकाळी बघायचं. पार्क रोज मॉर्निंग रिपोर्ट काढतं, त्यात बंद रस्तेही असतात. इथे वर्षाला जेमतेम 50-55 मिलिमीटर पाऊस पडतो. 5 ऑगस्ट 2022 रोजी काही तासांत 37 मिलिमीटर पडला. मुंबईत जुलैमध्ये एवढ्यावर छत्रीसुद्धा कुणी वाळत घालत नाही. इथे मात्र रस्ते वाहून गेले, गाड्या चिखलात रुतल्या आणि सुमारे हजार माणसं अडकली. पुढच्या वर्षी 20 ऑगस्टला 56 मिलिमीटर झाला तेव्हा पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं. उघडा कातळ, झाडोरा नाही, कडक माती: पडलेलं सगळं पाणी घळीत उतरतं. गोल्डन कॅन्यनमध्ये चालताना जे डांबराचे तुकडे दिसतात, तो 1976 मध्ये वाहून गेलेला गाडीरस्ता आहे. डोक्यावर निळं आकाश असलं तरी वरच्या डोंगरावर ढग जमले असतील तर घळीत शिरायचं नाही. आत असाल तर तोंडाकडे पळण्यापेक्षा बाजूच्या उंचवट्यावर चढा.

गाडीचं थोडक्यात: टाकी पार्कबाहेरच्या पाहरंप किंवा बीटी या गावांत भरून या, आत पेट्रोल महाग आहे. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक सापडतो का ते घरीच बघा. भाड्याच्या गाडीला कच्च्या रस्त्याची परवानगी बहुधा नसते, मोझेकचे शेवटचे सव्वादोन मैल खडीचे आहेत हे लक्षात ठेवा. बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडी सावली देते आणि शोधणाऱ्याला लांबून दिसते.

परतायची रेघ सकाळीच आखा: निम्मं पाणी संपलं किंवा ठरलेली वेळ झाली, जे आधी होईल ते. झब्रिस्कीसारख्या उतरत्या वाटेवर एक तृतीयांश पाण्यावरच वळायचं. कुणाला मळमळलं, डोकं ठणकलं, बोलणं तुटक झालं तर सावलीत बसवा, कपडे ओले करा, घोटघोट मीठ-साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, एकाने तिथेच थांबायचं आणि दुसऱ्याने सिग्नल मिळेल तिथून 911 लावायचा. पाहरंपचं रुग्णालय फर्नेस क्रीकपासून सुमारे 60 मैलांवर आहे, म्हणून रेघ ओढलेली बरी.

आणि घरी एक चिठ्ठी: वाटेचं नाव, गाडीचा नंबर, किती माणसं, किती वाजता बाहेर पडणार, आणि त्यानंतर किती वेळ वाट पाहून फोन करायचा. ती अशा माणसाला द्या जो खरोखर फोन करेल. चाल संपली की स्टोव्हपाइप वेल्सला सिग्नल मिळताक्षणी, चहाच्या आधी, त्याला ‘पोचलो’ कळवा.