इरकल, चांदोबा आणि शंकर नाग: घरातली ट्रंक कशी लावावी

आमच्या बेळगावच्या शहापूर भागातल्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात आईच्या दोन इरकली साड्या, आजीची खणाची चोळी, माझे लहानपणीचे परकर-पोलके, चांदोबाचे काही सुटे अंक आणि एका जाड वहीत चिकटवलेली कन्नड नट शंकर नाग यांची कात्रणे एवढा ऐवज आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या बहुतेक मराठी घरांत अशी एखादी ट्रंक किंवा निदान एखादे गाठोडे असतेच. ते टाकवत नाही आणि उघडायलाही सवड होत नाही. मी आमची ट्रंक नीट लावायला घेतली तेव्हा काही वस्तू वाचल्या, काही हातातून गेल्या, आणि त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने सांगते. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. कोणतीही वस्तू तिच्या हकीकतीसह ठेवली तरच पुढच्या पिढीला ती आपली वाटते. हकीकत हरवली की आईची लग्नातली साडी ही नातवंडांच्या लेखी जुने फडके होते.

ट्रंक उघडायची ती दसरा झाल्यावर. आपल्याकडचा पावसाळा, विशेषतः खानापूरच्या बाजूचा, कपड्यांत आणि कागदांत ओल भरून ठेवतो, आणि त्या ओलीत घडी उलगडली तर बुरशीचे डाग आणखी पसरतात. दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत सगळे सामान एका स्वच्छ धुतलेल्या चादरीवर सावलीत पसरावे. ऊन कधीही थेट लागू देऊ नये, कारण जुना रंग एका दुपारीही उतरतो. त्याच दिवशी काय ठेवायचे हे ठरवू नये. पहिला दिवस नुसता पाहण्यासाठी आणि हुंगण्यासाठी असावा. कुबट वास येणाऱ्या वस्तू वेगळ्या काढून दोन दिवस वाऱ्यावर ठेवाव्यात.

कपड्यांत सर्वांत जास्त काळजी इरकलीची घ्यावी लागते, आणि ती का घ्यावी लागते हे समजण्यासाठी ती कशी विणतात हे माहीत असले पाहिजे. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावावरून या साडीला नाव मिळाले. तिच्या अंगाचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, वेगळा असतो आणि पदराचा ताणा वेगळा. अंगाचा ताणा बहुधा सुती आणि पदराचा रेशमी असून हे दोन ताणे फासे घालून एकमेकांत अडकवतात. या सांध्याला विणकर कोंडी म्हणतात. लाल पदरावर पांढऱ्या पट्ट्यांत फणी, कोटाचा तट, जोंधळ्याचे कणीस अशा आकृती दिसतात. पदर हातात धरून उजेडासमोर नेला तर अंगाचा धागा जिथे संपतो आणि पदराचा सुरू होतो तिथे बारीक गाठींची एक ओळ नखाला लागते. सुती धागा पाण्याने एका रीतीने आवळतो आणि रेशमी दुसऱ्या रीतीने, त्यामुळे धुताना सगळा ताण याच ओळीवर येतो. आईच्या हिरव्या इरकलीला पहिली चीर गेली ती याच ठिकाणी. म्हणून या ओळीवर घडी येऊ देऊ नये, पिन लावू नये, आणि साडी पिळू तर मुळीच नये.

धुणे अटळ असेल तरच धुवावे. आधी पांढऱ्या सुती कापडाचा ओला बोळा पदराच्या आतल्या कोपऱ्यावर अर्धा मिनिट दाबून पाहावा. बोळ्याला लाल रंग लागला तर साडी घरी धुण्याच्या फंदात पडू नये. मिठाच्या पाण्यात बुडवली की रंग पक्का होतो असे आपल्याकडे सर्रास सांगतात, पण रंगवलेल्या जुन्या कापडातून सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. रंग सुटत नसेल तर दहा-बारा रिठे रात्रभर एक लिटर पाण्यात भिजत घालून, ते पाणी गाळून, बादलीभर थंड पाण्यात मिसळावे आणि साडी त्यात नुसती वर-खाली करावी. वाळवताना ती टॉवेलवर आडवी पसरावी, कारण दोरीवर टाकल्यास ओल्या कापडाचे वजन पुन्हा त्या सांध्यालाच ओढते.

ठेवताना धुवून मऊ झालेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, आणि वर्तमानपत्राच्या कागदातले आम्ल व शाई दोन्ही कापडाला लागतात, म्हणून या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. डांबराच्या गोळ्या घालायच्या असल्या तर त्या पुरचुंडीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. त्या कापडाला किंवा जरीला टेकता कामा नयेत. मी स्वतः सावलीत पूर्ण वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत घालते. ओल्या पाल्याचे डाग पडतात, ते जात नाहीत. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर धागा तुटत नाही.

खणाची चोळी टिकायला सोपी असते. गुळेदगुड्ड गावचा खण मुळातच घट्ट विणीचा, त्यामुळे तो मलमलीत गुंडाळून ठेवला की पुरते. कशिद्याच्या साडीवर मात्र इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून फिरवावी. कर्नाटकी गवंती (रेषांच्या) आणि मुरगी (पायऱ्यांसारख्या) टाक्यांचा कशिदा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे उलटी बाजू कोणती असा प्रश्न पडतो. अशा वेळी धाग्याची टोके शोधावीत. गाठ मारायची नाही हा कशिद्याचा नियमच असल्याने टोके टाक्यांखाली दडवलेली असतात. ती जिथे हाताला लागतील ती उलटी बाजू.

जी साडी आता अंगावर घेता येणार नाही इतकी विरली आहे, तिची वाकळ करावी असे माझे मत आहे. आपल्या भागात वाकळ म्हणा की कन्नडातली कौदी म्हणा, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून हाताने धावदोरा घालणाऱ्या बायका अजूनही गावोगावी आहेत. ट्रंकेत कुजण्यापेक्षा नातवाच्या अंगावर फाटणे त्या कापडाला अधिक शोभते. फक्त शिवायला देण्याआधी पदराचा वीतभर तुकडा कापून घ्यावा आणि तो चिठ्ठीसह वेगळा ठेवावा.

आता फोटोंकडे वळते. फोटोवर तारीख क्वचितच असते, पण फोटोतली फॅशन आणि मागचा शिक्का या दोघांना एकत्र वाचले तर साल बरेच जवळ आणता येते. स्टुडिओच्या शिक्क्यात बेळगावानंतर मुंबई राज्य असे असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा; म्हैसूर राज्य असेल तर त्यानंतरचा आणि १९७३ पर्यंतचा, कारण राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी. पत्त्यात ५९० ने सुरू होणारा पिनकोड असेल तर तो १९७२ नंतरचाच असणार, कारण ही पद्धतच १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. शिक्क्यात बेळगावी लिहिले असेल तर तो बहुधा २०१४ नंतरचा. फोटोबरोबर शिंप्याची किंवा कापड दुकानाची पावती सापडली आणि तिच्यात आणे-पै असले, तर ती दशमान पद्धत येण्याच्या, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या, आधीची किंवा फार तर लगेचची असते. दुकानदारांनी जुनी पावतीपुस्तके संपेपर्यंत वापरली असतील, एवढी सूट धरावी.

मग केसांकडे आणि बाह्यांकडे पाहावे. माझ्या मावशीच्या एका फोटोत कपाळावर सरळ कापलेल्या बटा आहेत. हा साधना कट, आणि अभिनेत्री साधना यांची ही केशरचना पडद्यावर आली १९६० साली, तेव्हा फोटो त्याआधीचा असू शकत नाही. मागे शिक्का म्हैसूर राज्याचा. या दोन खुणांनी तो फोटो १९६० ते १९७३ या तेरा वर्षांत आणून ठेवला, आणि उरलेले काम मावशीने केले.

ते काम कसे करून घ्यावे हेही सांगायला हवे. थोरामोठ्यांना थेट विचारले की तुमचा आवडता नट कोण, तर उत्तर ठरलेले असते, आमच्या वेळी असले काही नव्हते. म्हणून सुरुवात कपड्यापासून करावी. मी फोटो पुढे ठेवून म्हणाले, "मावशी, या बटा कुणी कापल्या गं?" ती आधी हसली, मग म्हणाली, "शेजारच्या अक्काने. घरात कात्री लावायची चोरी होती. आणि तुझ्या आजोबांनी दोन दिवस तोंड पाहिले नाही माझे." त्यानंतर तासभर ती थांबली नाही. कोणत्या मैत्रिणीबरोबर सिनेमा पाहिला, पैसे कुठून आणले, परत येताना काय खाल्ले, आणि कोणता नट तिला मनापासून आवडत होता, हे सगळे तिने आपणहून सांगितले. असे बोलणे चालू असताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी विचारावे, आणि मग फोन दृष्टीआड ठेवावा.

माझ्या वहीतला नट कन्नड पडद्यावरचा होता. मराठी घरातल्या मुलीला शंकर नाग आवडावेत याचे तेव्हा काहींना नवल वाटे, मला ते कधीच वाटले नाही. होन्नावर भागात १९५४ साली एका कोकणी घरात जन्मलेला हा माणूस मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरला होता, चाफेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा सहभाग होता, आणि दूरदर्शनवरची 'मालगुडी डेज' ही मालिका त्याने शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे गावी चित्रित केली होती. दोन भाषांत सहज वावरणारा तो माणूस आम्हाला आमच्यातलाच वाटे. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळच्या मोटार अपघातात तो गेला. दुसऱ्या दिवशीचे कात्रण मी शाळेच्या वहीच्या मधल्या पानावर चिकटपट्टीने लावले, आणि आज त्या पट्टीचा डिंक तपकिरी होऊन त्याच्या डाव्या गालावरून ओघळल्यासारखा पसरला आहे. कर्नाटकात रिक्षांच्या काचांवर त्याचे चित्र आजही दिसते, आणि ते दिसले की मला तो तपकिरी डाग आठवतो.

म्हणून कात्रणांच्या बाबतीत माझा आग्रह ठाम आहे: चिकटपट्टी नको आणि लॅमिनेशनही नको. दुसरे एक कात्रण मी एका दुकानात लॅमिनेट करून घेतले होते. उष्णतेने कागद सुरकुतला, आणि ते प्लॅस्टिक आता काढू गेल्यास चित्रच निघून येते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने तो पिवळा पडणारच. तेव्हा प्रथम ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) किंवा त्याहून अधिक बारकाईने त्याचे स्कॅन करून घ्यावे, आणि मूळ कात्रण दोन स्वच्छ, जाड पांढऱ्या कागदांच्या मध्ये सुटे ठेवावे. वहीत लावायचेच असेल तर कागदाचे चार कोपरे करून त्यांत अडकवावे. फोटोंनाही हेच लागू आहे. चिकट पानांच्या अल्बममधून ते सावकाश बाहेर काढावेत, आणि मागे लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता.

लहानपणीच्या आवडत्या वस्तूंत निवड करणे कठीण जाते, कारण सगळेच प्रिय असते. मी एक कसोटी लावली: जिच्यावर वापराची खूण आहे ती ठेवायची. माझ्याकडच्या चांदोबाच्या एका अंकावर कुंदा या बेळगावी मिठाईच्या तुपाचा पारदर्शक डाग आहे. तो अंक मी शेजारच्या घरी बसून वाचत असे. त्या घरी कन्नड अंक येई, चित्रे तीच असत आणि अक्षरे निराळी. आम्ही दोघी मैत्रिणी दोन्ही अंक शेजारी ठेवून राजा, वेताळ, राणी असे शब्द एकमेकींच्या लिपीत शोधत असू. कन्नड वाचायला मी शिकले ती त्या जमिनीवर. कोरा करकरीत अंक माझ्याजवळ असता तर मी तो वाचनालयाला दिला असता, हा देणार नाही.

राहिली चिठ्ठी. प्रत्येक वस्तूला एक, पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कागदावर, पेन्सिलीने. वस्तू काय, कुणाची, कुठून घेतली, साधारण साल, आणि एक प्रसंग. प्रसंग लिहिताना भावना लिहू नये, दिसलेले लिहावे. "मला शंकर नाग फार आवडत" असे लिहून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. माझ्या वहीतल्या चिठ्ठीवर असे आहे: "१९८९. जांभळे परकर-पोलके, फुग्याच्या बाह्या, शहापुरातल्या शिंप्याकडून. हे घालून ताईबरोबर दुपारच्या खेळाला गेले. बाह्या फार फुगल्या होत्या म्हणून खुर्चीत तिरकी बसले. मध्यंतरात ताईने विचारले, रडतेस का? मी नाही म्हणाले." घरात पुढची पिढी कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जात असेल तर खाली त्या लिपीत दोन ओळी जरूर लिहाव्यात, म्हणजे चिठ्ठी मुकी राहत नाही.

सगळे लावून झाले की जड वस्तू तळाशी, कागद वेगळ्या डब्यात, चिठ्ठ्या त्या त्या मलमलीच्या घडीत, आणि ट्रंक जमिनीपासून दोन विटांवर उंच ठेवावी. पुढची तपासणी पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात. आमच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून मी एक कागद लावला आहे, त्यावर दर वेळची तारीख आणि उघडणाऱ्याचे नाव लिहिते. गेल्या दसऱ्याच्या ओळीत माझ्या नावापुढे भाचीचे नाव आहे. तिने आईची हिरवी इरकल खांद्यावर घेऊन पाहिली, सांध्यावरून नख फिरवले, आणि साडीची चिठ्ठी दोनदा वाचून पुन्हा घडीत ठेवली.