पुंता अरेनास: जहाजाच्या एका दिवसाच्या मुक्कामात काय पाहावे आणि कसे पाहावे

पुंता अरेनास हे चिलीच्या दक्षिण भागातील बंदर मॅगेलन सामुद्रधुनीच्या पश्चिम काठावर, ५३ अंश दक्षिण अक्षांशाच्या थोडे खाली वसलेले आहे. ब्युनोस आयरेस आणि वालपाराइसो किंवा सान अंतोनियो यांच्या दरम्यान दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालणारी बहुतेक पर्यटक जहाजे डिसेंबर ते मार्च या काळात येथे एक दिवस थांबतात. अनेक प्रवासी या थांब्याकडे केवळ पेंग्विन पाहण्याची संधी म्हणून बघतात आणि शहर तसेच मागे सोडतात. माझे मत याच्या उलट आहे. पेंग्विन दिसले तर आनंदच आहे, परंतु त्यांची भेट वाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. शहर मात्र पायी फिरता येते, आणि दक्षिण गोलार्धातील या टोकाच्या भूमीचा वैभवाचा आणि क्रौर्याचा इतिहास एकाच रस्त्यावर समोर उभा करणारी अशी ठिकाणे फार थोडी आहेत. म्हणून दिवसाची आखणी करताना शहर हा पाया धरावा आणि बाकीचे त्यावर बेतावे.

सर्वप्रथम वाऱ्याविषयी, कारण येथे सर्व काही त्याच्यावर ठरते. या अक्षांशांवर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अडवणारी जमीन पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ नाही आणि वसंत ऋतूपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमक्या पर्यटनाच्या हंगामात, ते सर्वांत जोरात वाहतात. काही दिवशी वारा एवढा वाढतो की शहराच्या चौकांत पादचाऱ्यांना धरून चालता यावे म्हणून दोर बांधले जातात. शहराच्या मध्याजवळचा प्रात धक्का लहान असल्यामुळे मोठी जहाजे बहुधा सामुद्रधुनीत नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर आणतात. काही जहाजे उत्तरेकडील मार्दोनेस धक्क्याला लागतात आणि तेथून शहरात येण्यासाठी वाहन लागते. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदराचा कारभार पाहणारे नौदलाचे अधिकारी बंदर बंद करतात, आणि मग कोणाचाही इलाज चालत नाही. सकाळी शांत असलेले पाणी दुपारी खवळू शकते. त्यामुळे आपल्याला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सकाळीच पाहून घ्यावे आणि पहिल्या काही टेंडरमध्ये जागा मिळवण्याचा प्रयत्न करावा.

उन्हाळ्यातही दिवसाचे तापमान साधारण १० ते १४ अंश सेल्सिअस असते, पण वाऱ्यामुळे ते बरेच कमी भासते. एक जाड कोट घालण्यापेक्षा आतून लोकरीचे कपडे आणि वरून वारा व पाऊस अडवणारे जाकीट घालणे अधिक सोयीचे ठरते. कानटोपी कानांवर घट्ट बसणारी असावी. छत्री जहाजावरच ठेवावी, कारण येथे ती उलटते आणि मोडते. ढगाळ हवेतही सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नयेत. अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर दर वर्षी वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास, विरळ होतो आणि त्या विरळ थराची कड या शहरावरूनही सरकते; थंडी वाजत असतानाच त्वचा भाजते, हे आपल्याकडच्या अनुभवात बसणारे नसल्यामुळे त्याकडे सहज दुर्लक्ष होते.

कागदपत्रांच्या बाबतीत भारतीय पारपत्रधारकांनी चिलीच्या व्हिसाचे नियम जहाज कंपनीकडून आणि चिलीच्या वकिलातीकडून निघण्यापूर्वीच लेखी स्वरूपात तपासून घ्यावेत. जहाजावर चढल्यानंतर ही त्रुटी भरून काढता येत नाही. दुसरी बाब मराठी कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाची आहे. चिली आपल्या शेतीला रोग आणि किडी यांपासून अतिशय कडकपणे जपतो. ताजी फळे, भाज्या, बी-बियाणे, मध, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ किनाऱ्यावर नेण्याविषयी तेथील कृषी खात्याचे नियम कठोर आहेत आणि न सांगता नेल्यास मोठा दंड होतो. जहाजावरच्या नाश्त्यातील सफरचंद पिशवीत टाकून उतरणे एवढेही पुरेसे असते. घरून आणलेले तुपातले लाडू, मेतकूट, शेंगदाणे किंवा सुकामेवा खोलीतच ठेवावा. काही बरोबर घ्यावेच लागले, तर किनाऱ्यावर उतरताना भरायच्या घोषणापत्रात स्पष्टपणे नोंदवावे. नोंदवलेली वस्तू नियमात बसली नाही तर ती काढून घेतली जाते, पण दंड टळतो.

येथील घड्याळ भारतापेक्षा साडेआठ तास मागे असते आणि ब्युनोस आयरेस किंवा अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचे उशुआया येथून येणाऱ्यांना ते बदलावे लागत नाही. तरीही जहाजाने जाहीर केलेली वेळच प्रमाण मानावी. चलन चिलीचा पेसो आहे. संग्रहालये, उपाहारगृहे आणि मोठ्या दुकानांत कार्ड चालते, परंतु ठरावीक मार्गावर चालणाऱ्या सामायिक टॅक्सीसाठी, जिला तेथे कोलेक्तिवो म्हणतात, थोडी रोकड लागते. पैसे बदलून देणारी दुकाने लाउतारो नावार्रो या रस्त्यावर आहेत. रविवारी मात्र शहराचा बराच भाग बंद असतो, हे लक्षात ठेवून आधीच सोय करावी.

धक्क्यावरून चालत काही मिनिटांत मुन्योस गामेरो चौकात पोहोचता येते. मध्यभागी फर्दिनांद मॅगेलनचे स्मारक आहे. १५२० साली त्याने ही सामुद्रधुनी पार केली, त्या घटनेच्या चारशेव्या वर्षी, म्हणजे १९२० मध्ये, ते उभारले गेले. त्याच्या पायाशी बसलेल्या आदिवासी पुतळ्याच्या पायाचा अंगठा स्पर्शांनी चकाकत असतो, कारण त्याला हात लावणारा या भूमीत परत येतो, अशी तेथील समजूत आहे. स्मारकाचा खर्च होसे मेनेंदेस या मेंढपाळी व्यवसायातील धनिकाने केला होता, आणि येथूनच शहराची खरी गोष्ट सुरू होते.

चिलीने १८४३ मध्ये ‘आंकुद’ हे शिडाचे जहाज पाठवून या सामुद्रधुनीवर ताबा मिळवला आणि दक्षिणेला फुएर्ते बुल्नेस हा किल्ला बांधला. तेथील हवामान असह्य ठरल्याने १८४८ मध्ये वस्ती आजच्या जागी आली. पनामा कालवा १९१४ साली सुरू होईपर्यंत अटलांटिक आणि पॅसिफिक यांच्यामधून जाणारी असंख्य वाफेची जहाजे येथे कोळसा घेत. १८७७ मध्ये फॉकलंड बेटांवरून मेंढ्या आणल्या गेल्या, त्या या गवताळ प्रदेशात झपाट्याने वाढल्या आणि लोकरीच्या पैशांतून चौकाभोवतीचे वाडे उभे राहिले. मेंढ्यांच्या व्यवसायातील धनिक सारा ब्राउन यांचा वाडा चौकालाच लागून आहे. तेथून थोड्या अंतरावरील ब्राउन-मेनेंदेस वाड्यात आता मागायानेस प्रांताचे संग्रहालय आहे. १९०३ ते १९०६ या काळात बांधलेल्या या घरातील फर्निचर, भिंतींवरचे कागद आणि शेगड्या युरोपातून जहाजाने आणलेल्या होत्या. तळघरातील नोकरांची जागाही पाहावी; वरच्या दिवाणखान्यांनंतर ती पाहिली की घराचा अर्थ पूर्ण होतो. येथील संग्रहालयांना आठवड्याची सुट्टी असते, तेव्हा आपल्या मुक्कामाचा वार कोणता आहे हे आधीच तपासावे.

चौकातून उत्तरेकडे बोरिएस रस्त्याने पुढे बुल्नेस मार्गावर गेल्यास साधू-मिशनऱ्यांच्या सालेसियन संघाने १८९३ मध्ये सुरू केलेले माजोरिनो बोर्गातेल्यो संग्रहालय लागते. एकच संग्रहालय पाहण्याइतका वेळ असेल तर मी हेच सुचवेन. सेल्कनाम, कावेस्कार, यागान आणि आओनिकेंक या मूळ रहिवाशांच्या होड्या, शस्त्रे, वस्त्रे आणि छायाचित्रे येथे आहेत. समोरच्या तिएर्रा देल फुएगो बेटावर मेंढ्यांची कुरणे पसरली, तेव्हा तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून जगणाऱ्या सेल्कनाम लोकांची जमीन गेली. कुरणांच्या मालकांनी पोसलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना टिपून ठार केले आणि उरलेल्यांपैकी अनेकांना डॉसन बेटावरील मिशनमध्ये नेण्यात आले, जेथे रोगराईने बहुतेकांचा बळी घेतला. ते मिशन १९११ मध्ये बंद पडले. चिलीने सेल्कनाम लोकांना कायद्याने मूळ निवासी समाज म्हणून मान्यता दिली ती २०२३ साली. वाडे पाहून येथे न येणे म्हणजे अर्धीच हकिगत ऐकून परतणे आहे, आणि म्हणून वाड्यांत कमी वेळ घालवून या दालनांसाठी निदान एक तास राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

त्याच मार्गाने आणखी पुढे गेल्यावर सारा ब्राउन यांच्या नावाची दफनभूमी येते. कातरून गोलाकार केलेल्या उंच सायप्रस वृक्षांच्या रांगांमधून चालताना क्रोएशियन, ब्रिटिश, जर्मन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज नावे एकामागून एक दिसतात; शहर कोणाकोणाच्या स्थलांतरातून घडले याची ती नोंदवहीच आहे. धनिकांच्या संगमरवरी समाध्यांपेक्षा अधिक फुले एका अनाम आदिवासीच्या पुतळ्यापाशी असतात. लोक त्याला नवस बोलतात आणि इच्छा पूर्ण झाल्यावर आभाराच्या पाट्या लावतात. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे सिंधी व्यापारीही येऊन स्थिरावले आणि त्यांच्या वंशजांचे छोटेसे हिंदू मंदिर आजही शहरात आहे. ते पर्यटनस्थळ नसल्यामुळे भेट द्यायची इच्छा असल्यास स्थानिक भारतीय दुकानदारांकडे आधी नम्रपणे विचारणा करावी.

परतताना पाय दुखत असतील तर कोलेक्तिवो घ्यावी. अन्यथा किनाऱ्याकडे वळून समुद्रालगतच्या रस्त्याने चालत यावे. तेथे लोरेतो या जुन्या कोळशाच्या धक्क्याचे मोडके लाकडी खांब पाण्यात उभे आहेत आणि त्यांवर पाणकावळ्यांची एवढी दाटी असते की लाकूड दिसत नाही. सामुद्रधुनी आणि रंगीत पत्र्यांची छपरे एकत्र पाहायची असतील, तर चौकाच्या पश्चिमेला चार-पाच गल्ल्या चढून क्रूस टेकडीवर जावे. चढ थोडा आहे, शेवटी पायऱ्या आहेत, आणि वारा तेथे सर्वांत जास्त लागतो.

जेवणाच्या बाबतीत मांसाहारींसाठी विस्तवावर भाजलेले कोकरू आणि सेंतोया हा मोठा खेकडा या दोन गोष्टी येथे खऱ्या अर्थाने स्थानिक आहेत. शाकाहारींनी ‘सिन कार्ने’ एवढेच सांगून थांबू नये, कारण ‘कार्ने’ म्हणताना अनेकांच्या मनात फक्त गोमांस असते. कोंबडी आणि मासे नकोत हेही वेगळे सांगावे. चीजचे एम्पानादा, म्हणजे करंजीसारखे सारण भरलेले पदार्थ, सहज मिळतात. रोका रस्त्यावरच्या एका लहानशा जुन्या दुकानात चोरिसो या मसालेदार मांसाच्या सॉसेजचा लगदा लावलेला पाव आणि त्याबरोबर केळ्याचे दूध देतात. शाकाहारींनी नुसते दूध घ्यावे. आपल्या शिकरणीच्या जवळचाच हा प्रकार आहे. काळ्या-निळ्या कालाफाते फळाचा मुरंबा किंवा आइस्क्रीम चाखावे, मात्र मुरंब्याची बाटली भेट म्हणून घेतल्यास पुढच्या देशातील सीमाशुल्काचे नियम पाहावेत. करमुक्त बाजारपेठ, जिला सोना फ्रांका म्हणतात, शहराच्या उत्तरेला आहे. तेथे आपल्याला लागणारे फारसे काही नसते आणि तिच्यावर दिवस खर्च करू नये.

आता पेंग्विन. माग्दालेना बेट शहराच्या ईशान्येला सुमारे ३५ किलोमीटरवर सामुद्रधुनीत आहे. मॅगेलनी पेंग्विन तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येऊन जमिनीत बिळे खणून घरटी करतात आणि मार्चअखेरीच्या सुमारास निघून जातात. त्यांचा आवाज गाढवाच्या ओरडण्यासारखा असतो. बेटावर दीपगृहापर्यंत आखलेल्या वाटेने साधारण तासभर चालता येते. दोराबाहेर पाऊल टाकू नये आणि पेंग्विन वाट ओलांडत असल्यास थांबून त्याला जाऊ द्यावे. ही सहल अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक वेळ घेते आणि वाऱ्यामुळे ऐनवेळी रद्द होऊ शकते. म्हणून ती जहाजामार्फतच घ्यावी, कारण परत यायला उशीर झाला तर जहाज आपल्याच सहलीसाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. तोर्रेस देल पाइने राष्ट्रीय उद्यान येथून तीनशे किलोमीटरहून दूर आहे. एका दिवसात रस्त्याने ते करण्याचा विचारही करू नये.

टेंडरच्या शेवटच्या फेरीची वाट पाहू नये. तिच्यापूर्वी किमान दीड तास धक्क्यावर पोहोचावे, कारण वारा वाढला की फेऱ्यांमधील अंतर वाढते आणि रांग लांबते. जहाज दुपारीच निघून दक्षिणेला उशुआयाच्या दिशेने जात असेल, तर रात्रीचे जेवण लवकर आटोपून उजव्या बाजूच्या डेकवर उभे राहावे. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक असलेले फ्रोवर्ड भूशिर, त्यावरील उंच क्रूसासह, त्याच बाजूला दिसते.