भाकरी सोडू नका, चटणी मोजा

वजन उतरवायचं म्हटलं की सोलापुरात पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. मीही दोनाची एक केली होती. महिनाभर काटा जागचा हलला नाही. मग एकदा वाटी वजनकाट्यावर ठेवून रोजच्या हातानं शेंगा चटणी वाढून घेतली. ४० ग्रॅम भरली! शेंगदाण्यात निम्मं तेलच, १०० ग्रॅमला साधारण ५६० कॅलरी. म्हणजे चटणी सव्वादोनशेची, वर सोडलेलं चमचाभर तेल आणखी ४५. साठेक ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी जेमतेम दोनशेची. सोडलेली भाकरी मी चटणीतून परत खात होतो.

म्हणून आधी तीन दिवस काही न बदलता, खाल्लेलं सगळं लिहून काढा. चहासुद्धा. दोन चमचे साखरेच्या कपात नुसत्या साखरेच्या ४० कॅलरी, पाच कपांच्या दोनशे. कडक भाकरीही मोजा. पापडासारखी मोडत गेलं की किती झाल्या ते कळत नाही. बेंबीच्या रेषेत कंबरेचं माप घेऊन ठेवा.

मग तेल. महिन्याच्या सुरुवातीला माणशी ६०० मिली वेगळ्या बरणीत काढा. दिवसाला चार छोटे चमचे येतात. फोडणीला पळी नको, चमचा घ्या. घरात कुरकुर होणारच. आमच्याकडे कमी तेलाच्या आमटीला 'आजाऱ्याची आमटी' म्हणतात. चटणी एक मोठा चमचा, कोरडी किंवा दह्यात कालवून.

आता ताट. निम्म्यात भाजी आणि काकडी-कांदा, पाव भागात उसळ किंवा पिठलं, उरलेल्यात भाकरी. प्रथिनं किलोमागे एक-सव्वा ग्रॅम धरा. ७० किलोच्या माणसाला ७० ते ८७ ग्रॅम लागतात आणि वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात मिळतात. तिथंच शाकाहारी माणूस अडतो. मटकी, हुलगे, दही रोज हवंच. अंडं चालत असेल तर एकात सहा ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ येतात, चवीचं तुमचं तुम्ही बघा.

रविवारी आठवड्याची कडधान्यं ठरवून कागद फ्रीजवर चिकटवा. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधायची. थंडीत मोडाला दीड दिवस लागतो. मे महिन्यात संध्याकाळीच मोड दिसतात आणि गाठोडं तसंच राहिलं की आंबूस वास सुटतो. मोड दिसले की फ्रीजमध्ये टाका, दोन-तीन दिवस पुरते.

संध्याकाळच्या भज्यांच्या वेळेला मूठभर फुटाणे आणि ताक. डाळिंब दाणे काढून खा, रस नको. मटण बंद करायची गरज नाही, फोडी खा आणि वरची तर्री वाटीतच राहू द्या.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली येऊ शकते.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी अनशापोटी. अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. गड्ड्याच्या यात्रेत हिंडून आल्यावर काटा किलोभर चढलेला दिसला तर त्यात बरंचसं मिठानं धरून ठेवलेलं पाणी असतं. घाबरून उपास धरू नका. त्या रात्री मटकी भिजत घाला.