अपॉस्टिल असूनही ओमानच्या शाळेनं पदवी परत केली, तर

ओमानमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी पक्की झाली होती. बीएडच्या पदवीवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते प्रमाणनाचं स्टिकर, होतं, तरी शाळेचा एकच निरोप: 'हा कागद चालणार नाही.' आधी स्कॅन खराब असेल म्हणून पुन्हा पाठवला, मग प्रतिज्ञापत्र जोडलं. काही उपयोग नाही. फार मनस्ताप झाला.

उत्तर स्टिकरवरच होतं. अपॉस्टिलची तिसरी ओळ नीट वाचा. तिथे सही करणाऱ्याचं पद असतं. एजंटनं नोटरी केलेल्या झेरॉक्सवर एसडीएमची (उपविभागीय दंडाधिकाऱ्याची) सही घेतली होती, तेच पद तिथे छापलेलं. म्हणजे प्रमाणित झाली ती झेरॉक्सवरची सही, पदवी नव्हे.

मग या क्रमानं केलं: विद्यापीठाकडून मूळ पदवीची पडताळणी, त्याच मूळ प्रतीच्या मागे राज्याच्या शिक्षण विभागाचा शिक्का, आणि त्यानंतरच परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, मंत्रालयानं नेमलेल्या एजन्सीमार्फत. पदवी कृपा करून लॅमिनेट करू नका, शिक्का बसत नाही. पासपोर्ट कार्यालयाच्या पोलीस क्लिअरन्सला मात्र राज्याचा शिक्का लागत नाही, थेट अपॉस्टिल होतं. ओमान 2012 पासून अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे वकिलातीतही जावं लागलं नाही. दोन्ही बाजूंचा स्कॅन पाठवला आणि शाळेनं व्हिसाचं काम सुरू केलं.