गावच्या स्थलांतरावर प्रोजेक्ट करताय? थिअरी नंतर, आधी हे विचारा

सोशॉलॉजीला स्थलांतर हा टॉपिक घेतला की बहुतेकजण पुश-पुल फॅक्टर लिहून मोकळे होतात, गावात काम नाही, शहरात आहे, झालं. पण मग एका वाडीतली माणसं लालबागला आणि शेजारच्या वाडीतली कुवेतला का गेली, याचं उत्तर त्यात कुठंय?

तुम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गातले असाल तर घरापासूनच सुरू करा. पहिला कोण गेला, कोणाच्या ओळखीवर गेला आणि मुंबईत उतरला कुठे ते विचारा. गिरणीत लागायला जॉबरची, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची ओळख लागायची, राहायला गावकीची, म्हणजे गाववाल्यांनी मिळून घेतलेली खोली, तिथे पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळवाल्या मावशीकडे. हे सगळं लिहून झालं की मग त्याला चेन मायग्रेशन म्हणा, म्हणजे आधी गेलेल्याच्या ओळखीवर पुढचे जाणं.

ग्लोबलायझेशन म्हणजे 1991 च्या आर्थिक सुधारणा असं प्लीज लिहू नका. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कापड गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, म्हणजे हे जगाशी जोडलेपण किती जुनं आहे बघा. 1982 चा मुंबईचा गिरणी संप घरातल्या कोणी पाहिला असेल तर त्यावर वेगळं बसा, अडीच लाखाच्या आसपास कामगार होते त्यात, नंतर कोण गावी परतलं, कोण नालासोपाऱ्याला गेलं, घर कोणाच्या कमाईवर चाललं.

बायका हमखास राहून जातात. मनीऑर्डर येईपर्यंत शेती कोण बघत होतं? आणि लग्न करून दुसऱ्या गावी जाणं हेही स्थलांतरच, 2011 च्या जनगणनेत बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

आता ओळख, म्हणजे आयडेंटिटी. "तुम्ही स्वतःला कुठले समजता" असं विचारलंत तर पुस्तकी उत्तर मिळणार, त्यापेक्षा रेशनकार्ड कुठलं, मत कुठे देता, सातबाऱ्यावर नाव आहे का, पालखीला मान कोणाचा, मुलीच्या लग्नपत्रिकेत गाव कुठलं छापलं ते विचारा. उत्तरं एकमेकांशी जुळणार नाहीत, जुळवूही नका, तेच तुमचं मटेरियल आहे. (गाईड कुरकुर करतील, करू देत.)

गणपतीत सगळे गावी भेटतात म्हणून तेव्हाच मुलाखतींना जाल, तर आरत्या-भजनातून कोणाला वेळ नसतो. विसर्जन झाल्यावर मागे थांबलेली म्हातारी माणसं गाठा, आणि रेकॉर्डिंगचं आधी विचारून घ्या.