सप्ताहात असं कोणी बोललं, तर पोराला कसं सांभाळावं

मी तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. मांगच्या सप्ताहात एका कीर्तनकारांनी मुलावर प्रेम करणाऱ्या मुलाला ‘कुळाचा कलंक’ म्हटलं. माझा पुतण्या पंगतीतून न जेवता उठला.

अशा वेळी आधी पोराकडे जा, महाराजांकडे नंतर. पऱ्हाटीच्या धुऱ्यावर त्याच्याजवळ बसा. खोदून विचारू नका. ‘लग्न केलं की सुधरशील’ तर चुकूनही म्हणू नका. ‘मरावं वाटते काय रे?’ हे मात्र सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. फवारणीचं औषध आधी कुलपात घाला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावा, मराठीत बोलतात. त्याचं गुपित त्याला विचारल्याशिवाय त्याच्या आईलाही सांगू नका.

मग महाराजांना चहाला बोलवा. बोलायचा हक्क त्यांना आहे, तसा मलाही. मी म्हटलं, “महाराज, सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ रोजीच सांगितलं, हा गुन्हा नाही. अन् विठोबाच्या दारी कोणाचं लेकरू परकं?”

त्यांना पटलं नाही. पुतण्या तिसऱ्या दिवशी स्वतःहून आला. मी त्याच्या हाती टाळ दिले.